निःस्वार्थ हा शब्द मी खोडला

वन्सं,

दामूने तुमच्यावर आठ ओळी लिहून आणल्या आणि त्यांतला एक शब्द मी खोडला. घरातल्यांना वाटलं, दुःखाने मला सुचत नाहीये. तसं काही नाही. या तेरा दिवसांत मी फडताळ आवरलं, तुमची तीन लुगडी धुऊन घड्या करून ठेवली, आलेल्या सगळ्या पत्रांना उत्तरं लिहिली, भटजींना काय हवं नको ते पाहिलं. काही विसरले नाही. रडू तेवढं आलं नाही. हात चालतात आणि बाकी सगळं बधिर आहे, दाढ काढल्यावर गाल होतो तसं.

हे मी नैरोबीला शरयूला आणि श्रीधरला पाठवणार आहे. आत्याआजी गेली हे त्यांना तारेने कळलं आहे, पण तारेतल्या तीन शब्दांनी मुलांना काय कळणार? म्हणून त्यांना सविस्तर लिहायला बसले. 'चि. शरयू' असा मायना घातला आणि पुढे पेन हलेना. मग नवा कागद घेऊन 'वन्सं' लिहिलं, तेव्हा चाललं. गेली चाळीसहून अधिक वर्षं दुपारच्या वेळी मी जे काही बोलले ते तुमच्याशीच बोलले. मुलांनी पूर्वी सुट्टीत आपल्या मागे लोळत आपलं बोलणं ऐकलं, तसंच हेही ऐकावं.

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा मी तेराची होते, तुम्ही अकराच्या. नवऱ्याची बहीण म्हणून मी तुम्हाला 'वन्सं' आणि अहो-जाहो, तुम्ही मला 'वहिनी' आणि अगो-तुगो. परसातल्या गडग्यावर बसून चिंचा खाताना देखील मी म्हणायची, "वन्सं, चिंचोके माझ्या अंगावर थुंकू नका हो." त्याच वर्षी तुमचं लग्न दाभोळला झालं. चार वर्षांनी तुम्ही परत आलात. पांढरं कपाळ, लाल आलवण. परसात मी तुमच्याजवळ आले तर तुम्ही म्हणालात, "रडू नको गो. तुझं नाक लाल होतं, वाईट दिसतेस."

मुलांना इथे एक गोष्ट सांगायला हवी, तिकडे ती त्यांना कोणी सांगणार नाही. आपल्या घरात मासे खातात. नवरा गेलेल्या बाईने ते खायचे नाहीत. पुष्कळ घरांत अशी बाई मासळीला हातही लावत नाही. आमच्या सासूबाई व्यवहारी होत्या. तुमच्या हाताला चव आहे हे त्यांनी तुमच्या लहानपणीच ओळखलं होतं, आणि ती चव फुकट घालवायची त्यांची तयारी नव्हती. त्यांनी स्वतःच एक नियम काढला. द्वारकीने आधी घरची मासळी करावी, मग आंघोळ करावी, मग आपला भात निराळ्या चुलीवर शिजवावा. आळीत दुसऱ्या कोणाकडे असा नियम नव्हता. पण आमच्याकडे तो इतका मुरला की शास्त्रातच सांगितला असावा, असं आम्ही धरून चाललो.

तेव्हापासून तुम्ही न चाखता रांधलंत. बांगड्यांच्या तिखल्यात तिरफळं किती, आगळ किती, ते वासावर. कोलंबी झाली की नाही ते रंगावर. मासळीवाली दारात आली की कल्ले उघडून बघायचं काम तुमचं; ती म्हणायची, "द्वारकाबायला फसवायला दर्यालाच यावं लागंल." फक्त मीठ वासाने कळत नाही. म्हणून रोज पळीत थोडा रस घेऊन तुम्ही माजघराच्या दारात यायच्या.

"वहिनी, मीठ बघ गो."

मी तळहातावर घ्यायची, चाटायची आणि सांगायची. बरोबर आहे. किंवा, किंचित हवं. तुम्ही आत वळायच्या आणि किंचित घालायच्या.

पहिली दोन बाळंतपणं झाली आणि मी इंग्रजी सोडणार होते. माहेरी वडिलांनी मडमेकडून चार पुस्तकं शिकवून घेतली होती आणि पुढचं हे शिकवायचे, पण मांडीवर पोर घेऊन कोण धडे गिरवणार? तुम्ही शरयूच्या बापाला काखेत मारलंत आणि म्हणालात, "तू वाच. हा रडला तर मी परसात नेते. मोठ्याने वाच, मला आवाज ऐकू दे." आळीतल्या बायका पुढे मला 'इंग्रजीवाली' म्हणू लागल्या. पत्रं, तारा, सरकारी कागद घेऊन माझ्याकडे येऊ लागल्या. माझं ते शिक्षण तुमच्या काखेत वाढलं. हे मी तुमच्यासमोर कधी बोलले का? आठवत नाही. बोलले नसेन.

पाच वर्षांपूर्वी शरयूचं पत्र आलं. ती तेव्हा नऊ वर्षांची. वर्गातल्या मुलीला रंगांची पेटी दिली नाही म्हणून तिच्या बाईंनी प्रगतिपुस्तकात 'सेल्फिश' असा शेरा लिहिला होता. तिने विचारलं होतं, "आजी, मराठीत याला काय म्हणतात? आणि ते फार वाईट असतं का?"

पडवीत आपण तांदूळ निवडत होतो. मी पत्राचा अर्थ सांगितला.

"स्वार्थी," मी म्हटलं. "कळवते तिला."

"थांब की जरा." तुम्ही सूप खाली ठेवलंत. लहानपणी शास्त्रीबुवा ह्यांना संस्कृत शिकवायला येत तेव्हा तुम्ही दाराआडून ऐकलं होतं आणि ह्यांच्यापेक्षा जास्त लक्षात ठेवलं होतं. "स्वार्थ म्हणजे आपलं काम. आपलं काम बघतो तो स्वार्थी. कोण बघत नाही गो? तो शब्द बिचारा गरीब आहे. लोकांनी येताजाता टपल्या मारून त्याला वाईट केला."

"मग अप्पलपोटी लिहू?"

"पोरीने काय पेटी खाल्ली?" तुम्ही हसलात. "अप्पलपोट्याला भूक असते. तो पंगतीत बसतो आणि वाढणाऱ्याला आपल्याच पानापाशी थांबवतो. सगळ्यांना दिसतो. त्यात लबाडी नाही. मतलबी निराळा. तो तुझी सर्दी विचारायला येतो आणि जाताना आपला कोयता मागून नेतो."

मी वही घेतली आणि रेघा आखल्या. तुम्हाला माझ्या रेघांचं नेहमीच हसू यायचं. पण त्या दिवसापासून महिनाभर आपल्याला दुसरा विषय नव्हता. पेठेतल्या गुजराती दुकानदाराच्या बायकोकडून तुम्ही एक शब्द आणलात, एकलपेटो. हेच की, मी म्हटलं, अप्पलपोटा. तुम्ही मान हलवलीत. "आपला पंगतीत बसून जास्त खातो. त्यांचा दार लावून एकटा खातो. अप्पलपोट्याला निदान लोक लागतात."

आमिनाबी दर पंधरवड्याला नवऱ्याला पत्र लिहून घ्यायला यायची. तो बोटीवर खलाशी होता. तिलाही आपण सोडलं नाही. मतलबी आणि खुदगर्ज एकच का, मी विचारलं. ती म्हणाली, "एक कसा व्हयल, बाय? मतलबी मानूस रोज येतो. खुदगर्ज कदीच येत नाय. माज्या घरात दोनी हायेत, एक दीर नि एक घोव." मग म्हणाली, "हां, पण ह्यां पत्रात लिवू नको." तुम्ही हसता हसता ठसकलात आणि निवडलेले तांदूळ सांडले.

संस्कृतातले शब्द तुम्हीच दिलेत. आत्मंभरि, उदरंभरि. स्वतःला भरणारा, पोट भरणारा. "बघ, तिथेही पोट आलंच," तुम्ही म्हणालात. "इंग्रजांना पोट नाही का गो?"

"त्यांचा शब्द 'सेल्फ'वरून आला. म्हणजे आपण स्वतः."

तांदळातला एक खडा चिमटीत धरून बसलात. मग म्हणालात, "पोटाचं बरं असतं, भरतं तरी. आपण स्वतः कधी भरतो?"

ते मी वहीत लिहून ठेवलं. त्याच दुपारी तुम्ही विचारलेलं दुसरं लिहिलं नाही. तुम्ही विचारलंत, "जो कोणाच्या पानातलं घेत नाही, पण शेजारचं पान रिकामं आहे तिकडे बघतही नाही, त्याला तुझ्या इंग्रजीत काय म्हणतात?"

"बेफिकीर," मी म्हटलं. "नाहीतर आंधळा म्हणा."

"आंधळ्याला कशाला नावं ठेवतेस? ह्याला दिसतं. दिसतं, आणि त्याची सवय झालेली असते."

मी तीन-चार इंग्रजी शब्द सांगितले. त्यांचे अर्थ तुम्ही ऐकून घेतलेत, आणि एकेकाला नाही म्हणालात. मला थोडा रागही आला. इंग्रजी येत नसताना इंग्रजी शब्द नाकारणं म्हणजे कमाल होती. "राहू दे," तुम्ही म्हणालात, "पोरीला उत्तर लिही." आणि सांगितलंत ते मी लिहिलं. रंग तुझे होते, ते जवळ ठेवलेस तर त्याला स्वार्थ म्हणतात, त्याने कोणी नरकात जात नाही. पण ती मुलगी रोज तुझ्याच शेजारी बसते का, तेवढं कळव.

तुमच्या त्या प्रश्नाचा मी पुढे विचारही केला नाही. आपला शब्दांचा खेळ चालला होता, त्यातला तो एक डाव, असं मी धरलं.

महायुद्ध संपल्यावर दोन वर्षांनी सासूबाई गेल्या आणि घर माझ्या हाती आलं. मी तुम्हाला केस वाढवायला सांगितलं. आलवण काढून पांढरं लुगडं दिलं. ह्यांचा विरोध नव्हता, पण हेही जरा बिचकले. मी बिचकले नाही. आळीत चार दिवस कुजबुज झाली, मग स्त्रियांच्या सभेत माझं कौतुक झालं. मी तिथे वीस मिनिटं भाषण केलं. तुम्ही मागच्या रांगेत बसला होता, डोक्यावर बोटभर केस आणि त्यावर पदर.

मासळीचं मी काही बोलले नाही. सोळा वर्षं मी या घरची मुखत्यार होते. एका वाक्याचं काम होतं. जेवताना म्हणायचं, "वन्सं, आज पान मांडून बसा." पुढे गावात सहभोजनं सुरू झाली. हे स्वतः जाऊन सगळ्या जातींच्या पंगतीत जेवून आले, आणि मी ओटीवर चारचौघींना ते अभिमानाने सांगितलं. त्याच वेळी आत तुम्ही तुमच्या निराळ्या चुलीवर तांदूळ वैरत होता. मला धूर दिसत होता.

मी हे का केलं नाही, याचा विचार या तेरा दिवसांत झाला. लोकांची भीती म्हणावी, तर केस वाढवताना ती कुठे होती? केस लोकांना दिसले. मासळीचा घास बंद दाराच्या आत कोणाला दिसला असता? त्याने सभेत माझं नाव झालं नसतं. हे एक कारण. दुसरं लिहायला जड जातं. तुम्ही रोज पळी घेऊन दारात यायच्या आणि मला विचारायच्या. त्या एका प्रश्नापुरती मी या घरची मालकीण असायची. रांधणं तुमचं, पोरं तुमच्या अंगाखांद्यावर, ह्यांना भाजी कशी आवडते ते तुम्हाला ठाऊक. माझ्याकडे मिठाचा निकाल होता. "किंचित हवं" असं मी पुष्कळदा म्हटलं तेव्हा मीठ अगदी बेताचं होतं.

तुम्ही स्वतः चाखू लागलात तर मला कोण विचारणार होतं?

पौषात तुम्हाला ताप भरला आणि छातीत कफ धरला. डॉक्टरांनी औषध दिलं, पेज द्यायला सांगितली. त्याच सुमाराला राजापूरचे आपले व्याही, धाकट्या लेकीचे सासू-सासरे, समाचाराला आले आणि राहिले. सोमवारी सकाळी मी तुम्हाला चमच्याने पेज भरवत होते. दोन चमचे झाल्यावर तुम्ही तोंड मिटलंत.

"वहिनी, पेडवे आले असतील गो आता."

"आले असतील."

"एक दे मला. आमसुलात कर, कोरडा. काटे काढून दे, मला आता जमणार नाही." मी पेज ढवळू लागले तशा तुम्ही म्हणालात, "एकच. तो लहान तर असतो."

माजघरात विहीणबाई वाती वळत बसल्या होत्या. मी दाराकडे पाहिलं आणि हळूच म्हटलं, "वन्सं, पाहुणे आहेत. ते जाऊ देत."

"हो का? बरं." थोड्या वेळाने म्हणालात, "पेजेत मीठ नाहीये."

मी आत जाऊन मीठ आणलं.

शुक्रवारी दुपारी तुम्ही गेलात. ह्यांनी गंगा घातली. मी पायांशी होते. त्याचं मला फारसं काही आठवत नाही, उन्हाची एक तिरीप तुमच्या हातावर होती एवढंच.

दहाव्या दिवशी पुरुष खाडीवर गेले. हे परत आले ते जरा सावरल्यासारखे दिसले. "पिंड ठेवला न ठेवला तोच कावळा शिवला," ते म्हणाले. "हात जोडायलाही वेळ मिळाला नाही. तिची काही वासना उरलीच नव्हती." आळीतल्या बायका तेच ऐकून गेल्या आणि तेच दुसरीकडे सांगत्या झाल्या. काही म्हणून हवं नव्हतं बाईला. निःस्वार्थी जीव. कावळ्याचं मी काही म्हणत नाही, त्याला भूक असेल.

तेराव्याला दामू आला. शरयू, श्रीधर, तुम्हाला दामूकाका आठवतो का? आजोबांचा मुंबईचा पुतण्या, तुम्हाला रेवड्या आणायचा तो. ज्ञातीच्या मासिकात छापायला त्याने मजकूर आणला होता आणि तो जेवणानंतर ओटीवर उभा राहून वाचू लागला. "कै. द्वारकाबाई या निःस्वार्थ सेवेची मूर्ती होत्या. स्वतःसाठी त्यांनी आयुष्यात काही मागितले नाही."

वन्सं, तुम्ही असता तर तुम्हाला हसू आवरलं नसतं. पायरी आंब्यांतले पहिले चार तुम्ही फडताळात लुगड्यामागे लपवायच्या. सोंगट्यांत फासे पडले की हळूच बोटाने एक फिरवायच्या. वर्तमानपत्र आलं की माझ्या आधी मिळावं म्हणून फाटकाशी उभ्या असायच्या. पलीकडची सून गोरी म्हणून तिच्याशी दोन वर्षं बोलला नाहीत. तुम्हाला पुष्कळ काही हवं असायचं. तुम्ही हव्यासाने जगलात. घास नव्हता तरी घासाभोवतालचं सगळं तुम्ही ओरबाडून घेतलंत, वास, रंग, शब्द, माझी इंग्रजी पुस्तकं, माझी मुलं.

मी दामूच्या हातातला कागद घेतला आणि 'निःस्वार्थ' खोडला. मग पुढचं वाक्यही खोडलं.

"काकू, काही चुकलं का?"

"ते खरं नाही."

"मग काय लिहू?"

"लिही की त्यांना पेडवे आवडत."

दामूने ह्यांच्याकडे पाहिलं. "काकू, विधवा बाईबद्दल असं कोणी छापतं का? लोक म्हणतील, घरात खायला घालत होते की काय!"

"घालत नव्हतो," मी म्हटलं. "तेही लिही."

सोप्यातल्या बायकांनी माना खाली घातल्या. तेराव्यासाठी पुन्हा आलेल्या विहीणबाई उठून आत गेल्या. ह्यांनी सुपारी कातरायची थांबवली. "असू दे तो शब्द," ते म्हणाले. "चांगला शब्द आहे. गेलेल्या माणसाला चांगलं म्हणायला काय जातं आपलं?"

"आपलं काही जात नाही. त्यांचं जातं," मी म्हटलं. "त्यांना हवंच नव्हतं असं एकदा छापलं की आपण सुटलो."

ह्यांचा चेहरा जरा वाकडा झाला. साठी उलटलेला माणूस, बहिणीच्या तेराव्याला. मला वाईट वाटायला हवं होतं. "ती मला कधी बोलली नाही," हे म्हणाले. "एका शब्दाने बोलली नाही. मागती, तर मी नाही म्हटलं असतं का?"

"मला बोलल्या."

"कधी?"

"आजारात. सोमवारी."

"मग?"

"पाहुणे होते," मी म्हटलं.

ह्यांनी मान हलवली. "हो. पाहुणे होते खरे," असं दोनदा म्हणाले, आणि पुन्हा सुपारी कातरू लागले. त्यांना ते पटलं. दामूलाही पटलं. संध्याकाळी सगळे माझ्याशी फार हळुवार बोलत होते, जणू मी काहीतरी मोठं कबूल केलं होतं.

मुलांनो, तुमच्या आत्याआजीला जो शब्द मिळाला नव्हता तो मी अजून शोधते आहे. स्वार्थी म्हणावं तर माझं काही काम अडलं नव्हतं. अप्पलपोटी म्हणावं तर तो घास मी खाल्ला नाही. मतलबी, खुदगर्ज, सगळे माझ्याशी लावून पाहिले. एकही नीट बसत नाही, आणि बसत नाही म्हणून मी निर्दोष ठरते असंही नाही. शरयू, आता तुझं इंग्रजी माझ्याहून चांगलं असेल. सापडला तर कळव. मला बरं वाटावं म्हणून सौम्य शब्द निवडू नकोस.

आणि वन्सं, ह्यांना सांगितलं ते अर्धंच होतं. उरलेलं तुम्हाला ठाऊक आहे, पण मुलांनी वाचावं म्हणून लिहिते.

पाहुणे बुधवारी सकाळच्या मोटारीने राजापूरला गेले. मी त्यांना फाटकापर्यंत पोचवलं, परत येऊन अंथरुणं उचलली, सतरंज्या झटकल्या. घरात तुम्ही आणि मी. हे वाचनालयात. साडेअकराच्या सुमाराला मासळीवाली आली आणि नेहमीसारखी हाक घातली. मी ओटीवर गेले. तिने टोपलीवरचं फडकं बाजूला केलं, तुमची चौकशी केली, आणि म्हणाली, "द्वारकाबाय उठली म्हंजे सांगा, आज ताजे हायेत." मी म्हटलं, "आज नको. घरात आजारी माणूस आहे."

का म्हटलं, ते मला आजही सांगता येत नाही. तोंडातून गेलं. तेवढ्यात ती उतरून वळली देखील.

मी आत आले. तुम्ही भिंतीला टेकून उठून बसला होता. तीन दिवसांत पहिल्यांदाच. केस नीट मागे सारले होते.

"काय होतं गो टोपलीत?" तुम्ही विचारलंत.

"काही नव्हतं," मी म्हटलं.

टोपली पेडव्यांनी भरलेली होती. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, "बरं," म्हणालात, आणि मी उशी सारखी केल्यावर पुन्हा आडव्या झालात.